लिस्बनच्या बाइशातली तंबाखूची दुकाने

लिस्बनमध्ये तंबाखूच्या दुकानाला तबाकारिया म्हणतात. सिगारेट, चिरूट, पाइपची तंबाखू आणि एके काळी तपकीर हा तिथला मुख्य माल. जोडीला वर्तमानपत्रे, टपालाची तिकिटे, पोस्टकार्डे, लॉटरी, आगपेट्या. गिऱ्हाईक आत येते, दोन मिनिटांत बाहेर पडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा येते. या रोजच्या येण्याजाण्यामुळे मालक अर्ध्या पेठेला चेहऱ्याने ओळखतो, आणि अर्धी पेठ त्याला. त्यापलीकडे ओळख सहसा जात नाही. शहराच्या मध्यवस्तीत, बाइशा नावाच्या पेठेत, अशी दुकाने दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहेत. पोर्तुगीज कलेत आणि साहित्यात त्यांना आणि त्यांच्या मालकांना जी जागा मिळाली, ती एखाद्या किरकोळ धंद्याच्या वाट्याला क्वचितच येते.

टेगस नदीचा काठ आणि रोसिऊ चौक यांच्यामध्ये, दोन टेकड्यांच्या खोलगट भागात ही पेठ आहे. पूर्वेला साऊ जॉर्जच्या किल्ल्याची टेकडी, पश्चिमेला चियादु. 1 नोव्हेंबर 1755च्या सकाळी झालेला भूकंप, त्यापाठोपाठ नदीतून शहरात शिरलेल्या लाटा आणि नंतर कित्येक दिवस धुमसत राहिलेली आग यांत इथली जुनी वस्ती नाहीशी झाली. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने ती जागा साफ करून नवी पेठ उभी केली. मान्युएल दा माया, एउझेनियु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या तिघांनी आखलेले रस्ते सरळ आहेत आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. इमारतींच्या भिंतींत लाकडाचा चौकटीदार सांगाडा घातला आहे. पुन्हा धरणी हलली तर चिरे ढासळतील, पण सांगाडा उभा राहील, असा हिशेब त्यामागे होता. तळमजल्यावर दगडी चौकटींची दुकाने, वर कचेऱ्या आणि बिऱ्हाडे, सगळ्यांत वर उतरत्या छपराखालच्या खोल्या, अशी रचना घरामागून घर सारखीच दिसते. रस्ते फार रुंद नाहीत. त्यामुळे वरच्या मजल्यावर टेबलाशी बसलेल्या कारकुनाला समोरच्या दुकानाच्या दारात काय चालले आहे ते दिवसभर दिसत राहते. ही गोष्ट लक्षात ठेवली तर या पेठेवर लिहिलेले बरेचसे साहित्य नीट कळते.

5 नोव्हेंबर 1760च्या फर्मानाने नव्या रस्त्यांना नावे दिली गेली आणि ते धंदेवाईकांना वाटून देण्यात आले. सोनारांचा रस्ता वेगळा, चांदीवाल्यांचा वेगळा, मुलामा देणाऱ्यांचा, चांभारांचा, खोगीरवाल्यांचा, कापडवाल्यांचा वेगळा. पुण्यातली तांबट आळी किंवा कासार आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही वाटणी परकी वाटणार नाही. तंबाखूवाल्यांच्या नावाचा रस्ता मात्र इथे नाही. त्या काळी तंबाखू खुल्या व्यापारातला माल नव्हता. ती राजाची मक्तेदारी होती.

या मक्तेदारीचा इतिहास लांबपर्यंत जातो, आणि त्याचा एक धागा थेट कोकणच्या किनाऱ्याला लागतो. युरोपात तंबाखूचा बोलबाला झाला त्यात लिस्बनचा वाटा मोठा आहे. 1559 ते 1561 या काळात फ्रान्सचा वकील म्हणून इथे राहिलेल्या झाँ निकोने तंबाखू औषधी म्हणून फ्रेंच दरबाराकडे धाडली. पुढे ब्राझीलमधल्या बाइया प्रांतात तंबाखूची लागवड वाढली. तिथला चांगला माल लिस्बनला येई, आणि हलक्या प्रतीची तंबाखू काकवी लावून, पिळून, तिचे वळे करून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई. त्या वळ्यांच्या मोबदल्यात माणसे गुलाम म्हणून विकत घेतली जात. लिस्बनच्या सुंदर दुकानांविषयी लिहिताना या व्यापाराचा उल्लेख टाळणे बरोबर नाही. दुकानांतल्या मालाची वाट त्याच व्यापारातून गेलेली होती.

बाइयाची तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यालाही येत असे. सतराव्या शतकात गोव्यात तंबाखूच्या विक्रीचा मक्ता लिलावाने दिला जाऊ लागला, आणि पोर्तुगीज सरकारच्या तिथल्या महसुलाचा मोठा भाग या मक्त्यातून उभा राहू लागला. मक्ते घेणाऱ्यांत गोव्यातले हिंदू व्यापारी, त्यातही सारस्वत, ठळकपणे दिसतात. दख्खनमध्ये तोवर तंबाखू रुजली होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला तेव्हा त्याला ती तिथे मिळाली. उत्तरेत ती नवलाईची चीज होती, म्हणून त्याने ती जडावाच्या नळीसह बादशहापुढे नजर केली. आज सांगली-कोल्हापूरकडचा एखादा म्हातारा चंचीतून पान, चुना आणि तंबाखू काढून तळहातावर मळतो. त्या चिमटीमागे बाइया, लिस्बन, गोवा आणि विजापूर एवढा प्रवास आहे.

पोर्तुगालमधली मक्तेदारी 1864च्या कायद्याने उठली. पुढे 1891मध्ये एका कंपनीला पुन्हा मक्ता दिला गेला आणि तो 1926पर्यंत चालला. बाइशातली आणि चियादुतली नावाजलेली तंबाखूची दुकाने याच दोन टप्प्यांत उभी राहिली. ती पाहायची तर पायीच हिंडावे लागते, आणि हिंडणे अवघड नाही. नदीकाठच्या मोठ्या चौकातून निघून कमानीखालून रुआ आउगुश्ताने सरळ गेले की थोड्याच वेळात रोसिऊ येतो. प्रस्तुत लेखकाने ही वाट धरली तेव्हा वाटेतले बहुतेक लोक दुकानांच्या पाट्यांऐवजी पायांखाली पाहत चालले होते. काळ्यापांढऱ्या दगडी चिपांची ती फरसबंदी देखणी आहे खरी, पण पाऊस पडून गेल्यावर तिच्यावरून पाय सटकतो.

रोसिऊच्या पश्चिम बाजूला, निकोला कॅफेपासून काही पावलांवर, 21 क्रमांकाच्या दारात तबाकारिया मोनाकु आहे. दुकान 1875 सालचे, आणि आजची सजावट त्याच शतकाच्या शेवटच्या दशकातली. बाहेरून त्याची रुंदी एका दाराएवढीच वाटते. आत शिरल्यावर ते एखाद्या बोळासारखे खोल खोल जाते आणि वर कमानदार छत दिसते. छतावरचे चित्रकाम अंतोनियु रामाल्यु यांचे. भिंतींवरच्या चिनीमातीच्या फरशा राफाएल बोर्दालु पिन्येइरू यांच्या. बोर्दालु हे पोर्तुगालचे सर्वांत मोठे व्यंगचित्रकार. सामान्य, सोशिक आणि सरकारवर चिडलेल्या पोर्तुगीज माणसाचे प्रतीक ठरलेला झे पोव्हिन्यु त्यांनी 1875मध्येच, म्हणजे दुकान उघडले त्याच साली, एका नियतकालिकात पहिल्यांदा रेखाटला. 1884मध्ये त्यांनी कालदाश दा रेन्या या गावी चिनीमातीचा कारखाना काढला, आणि त्यांची विनोदबुद्धी कागदावरून मातीत उतरली.

मोनाकुतल्या फरशांवर बेडूक आणि करकोचे आहेत, आणि ते माणसांचे उद्योग करताना दाखवले आहेत. या चित्रांसमोर दोन मिनिटे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. बेडकाचे फुगीर पोट, करकोच्याची लांब मान आणि त्याच्या उभे राहण्यातला आब यांत दुकानात येणारी गिऱ्हाइके ओळखू येतात. तंबाखूच्या दुकानाला अशी सजावट करून घ्यावी, त्यासाठी देशातल्या पहिल्या प्रतीच्या कलावंतांना बोलवावे, असे त्या मालकाला वाटले, यात त्याचा धंद्याविषयीचा अभिमान दिसतो. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या निळ्या फरशा पाहिलेल्या माणसाला पोर्तुगीजांचे हे वेड ठाऊक असते. तिथे कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, इथे बेडूक आहेत. माती मात्र दोन्हीकडे तितक्याच आस्थेने रंगवलेली आहे.

चियादुच्या चढावरचे काझा आवानेझा हे दुसरे नामांकित दुकान 1864 सालचे, म्हणजे मक्तेदारी उठवणाऱ्या कायद्याच्याच वर्षातले. हवानाचे चिरूट ही त्याची खासियत. ते वरच्या वर्गाचे दुकान होते: खासदार, पत्रकार, जमीनदारांची मुले त्याच्या दाराशी उभी राहून गप्पा मारत. एसा द कैरोश यांनी 'पाद्री आमारूचा गुन्हा' या कादंबरीचा शेवट याच दुकानासमोर घडवला आहे. 1871चा मे महिना, पॅरिसमध्ये कम्यून कोसळते आहे, तारा येत आहेत आणि लोक त्या वाचायला दाटी करत आहेत, असा तो प्रसंग. तंबाखूचे दुकान हे बातमीचे ठिकाण होते, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको. आवानेझा अजून चालू आहे. त्याच्या शेजारच्या ब्राझिलेइरा कॅफेबाहेर कवी फर्नांदु पेसोआचा ब्राँझचा पुतळा खुर्चीवर बसलेला आहे आणि पर्यटक त्याच्या बाजूच्या ब्राँझच्या खुर्चीत बसून फोटो काढतात. सगळी गर्दी पुतळ्याभोवती असते; आवानेझाच्या दारात फारसे कोणी थबकत नाही.

मोनाकु आणि आवानेझा ही दिखाऊ दुकाने. बाइशातल्या बाकीच्या तबाकारिया साध्या होत्या. एक लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, त्यांवर प्रोव्हिझोरियुश, देफिनितिव्हुश, पोर्तुगेश सुआव्ह अशा देशी छापांची पाकिटे, आणि दाराशी वर्तमानपत्रांची चळत. ज्याच्या खिशात पूर्ण पाकिटाचे पैसे नसत त्याला सुटी सिगारेट मिळे. रोजचे गिऱ्हाईक दारात दिसले की त्याचा छाप आपोआप काउंटरवर येई. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत आगपेटीलाही महत्त्व आले. देशातला आगकाड्यांचा उद्योग जपण्यासाठी 1937मध्ये सरकारने खिशातल्या लायटरवर परवाना लावला. सार्वजनिक जागी लायटर पेटवायचा तर परवान्याचा कागद जवळ हवा, नाहीतर दंड. हा नियम 1970पर्यंत टिकला. तोवर तंबाखूवाल्याच्या काउंटरवरची आगपेटी हा सुरक्षित मार्ग होता. ज्या राजवटीत सिगारेट पेटवण्यावरही सरकारची नजर होती, त्या राजवटीत दुकानदाराने बोलणे बेताचेच ठेवणे स्वाभाविक होते.

अशाच एका साध्या दुकानाने आणि त्याच्या मालकाने पोर्तुगीज कवितेत कायमचे घर केले. पेसोआ 1888मध्ये लिस्बनमध्ये जन्मला. शिक्षण दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला झाल्यामुळे इंग्रजी त्याला उत्तम येत असे. पोटासाठी तो बाइशातल्या व्यापारी पेढ्यांची इंग्रजी आणि फ्रेंच पत्रे लिहून देई. नोकरी एका ठिकाणी धरली नाही. आज या कचेरीत, उद्या त्या. रुआ दा प्रातावरची मोइतिन्यु द आल्मेइदा ही त्यांतली एक पेढी. तिथून जवळच, रुआ दा कोन्सेयसांववर, आवानेझा दुश रेत्रोझेइरुश नावाचे तंबाखूचे दुकान होते. गोंडे, फिती, दोरे आणि बटणे विकणाऱ्यांचा हा रस्ता. पेसोआच्या कवितेतले दुकान ते हेच, असे मानले जाते.

'तबाकारिया' ही कविता 15 जानेवारी 1928 या तारखेची. ती कोइंब्राच्या 'प्रेझेंसा' या नियतकालिकात 1933च्या जुलैमध्ये छापून आली. पेसोआने ती स्वतःच्या नावावर लिहिली नाही. आल्व्हारु द कांपुश या त्याच्या कल्पित कवीच्या नावावर ती आहे. हा कांपुश ग्लासगोला शिकलेला जहाजबांधणीचा अभियंता, आयुष्यात काही न जमलेला. तो छपराखालच्या खोलीत बसून विचार करतो, आणि समोर तंबाखूचे दुकान आहे. विचार वाढत वाढत विश्वापर्यंत जातात, आणि मध्येच दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहतो. मालक मरेल, दुकानाची पाटी जाईल, आपल्या ओळीही जातील, असे कांपुशला त्याच्याकडे पाहताना वाटते. शेवटी एक ओळखीचा माणूस तंबाखू घेऊन बाहेर पडतो, हात हलवतो, कांपुश त्याला प्रतिसाद देतो, आणि मालक हसतो. कविता तिथे संपते. एवढ्या मोठ्या निराशेच्या कवितेला कोणत्याही तत्त्वज्ञानाने बाहेर काढले नाही, एका दुकानदाराच्या हसण्याने काढले. कवितेचे मोठेपण प्रस्तुत लेखकाला यातच दिसते. बाइशातल्या अरुंद रस्त्याच्या एका कडेला उभे राहून समोरच्या दाराकडे पाहिले की ते हसू खिडकीतून किती स्पष्ट दिसले असेल ते कळते.

मालकाची गोष्ट इथे संपत नाही. 1930च्या ऑक्टोबरमध्ये कांपुशच्याच नावावर पेसोआने आणखी एक छोटी कविता लिहिली. तंबाखूच्या दुकानाच्या दारावर क्रूस लावलेला आहे, म्हणजे घरात मयत झाली आहे. गेला तो मालक आल्व्हेश. कांपुशची त्याच्याशी मैत्री नव्हती. रोज खिडकीतून दिसणारा, न चुकता जागेवर असणारा माणूस, एवढेच त्यांचे नाते. पण तो गेल्यावर रस्ताच ओळखीचा राहत नाही, आणि आपण गेल्यावर कोणाला तरी असेच वाटेल का, हा प्रश्न कांपुशला सतावतो. मोठ्या कवितेत मालकाच्या मरणाची कल्पना होती; तीन वर्षेही उलटली नाहीत तोच कवितेतला तो मालक खरोखर मरतो. दोन्ही कविता एकामागून एक वाचाव्यात.

गद्यातही पेसोआने हाच विषय हाताळला. 'अस्वस्थतेचे पुस्तक' हे त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 1982मध्ये, प्रथम छापले गेले. त्याचा निवेदक बर्नार्दु सुआरेश हा रुआ दुश दोउरादोरेशवरच्या एका पेढीत हिशेब लिहिणारा मदतनीस. तंबाखूच्या दुकानातल्या नोकराने आत्महत्या केल्याचे एके दिवशी त्याच्या कानावर येते. तो आठवू पाहतो, तेव्हा हाती फार थोडे लागते: खांद्यांवर वेडावाकडा बसणारा मळका कोट, शांत हसू, आणि सिगारेट घेताना कधीतरी मनात येऊन गेलेला विचार की याला लवकर टक्कल पडणार. रोज भेटणाऱ्या माणसाविषयी आपल्याला एवढेच माहीत होते, या जाणिवेने सुआरेश हादरतो. बहुतेक शहरी माणसांच्या मनात दुकानदाराची आठवण अशीच असते, आणि पेसोआने तिला खोटी सजावट केली नाही.

पेसोआ 30 नोव्हेंबर 1935 रोजी वारला. त्याच्या पेटीत पंचवीस हजारांहून अधिक कागद निघाले; ते आज पोर्तुगालच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे तो ज्या घरात राहिला ते कांपु द ओउरिक भागातले घर 1993पासून त्याचे स्मारक आहे, आणि त्याची स्वतःची पुस्तके तिथे पाहता येतात. ती पाहायची असतील तर बाइशातून 28 क्रमांकाची ट्राम घ्यावी. ती रुआ दा कोन्सेयसांववरूनच जाते, म्हणजे आल्व्हेशच्या रस्त्यावरून. बटणे आणि फिती विकणारी काही जुनी दुकाने त्या रस्त्यावर अजून तग धरून आहेत. उभ्या लाकडी खणांत हजारो तऱ्हांची बटणे, आणि प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा नमुना टाचलेला. याच रस्त्याच्या पोटात रोमन काळातली दगडी भुयारे आहेत. वर्षातून मोजके दिवस ती लोकांसाठी उघडतात, आणि उतरण्याची वाट रस्त्याच्या मधोमध, ट्रामच्या रुळांजवळ आहे.

सिगारेटचा धंदा आता आक्रसला आहे, आणि तसे व्हायला हवेच होते. तंबाखूने घेतलेले बळी सगळ्यांसमोर आहेत. 1 जानेवारी 2008पासून पोर्तुगालमध्ये बंद सार्वजनिक जागांत धूम्रपानावर कायद्याने निर्बंध आले, आणि कॅफेतली धुराची सवय मोडली. पाकिटांवर रोगांची छायाचित्रे आली. तबाकारियांचा गल्ला लॉटरी, खरवडून पाहायची तिकिटे, मासिके आणि पर्यटकांसाठीची पोस्टकार्डे यांवर चालू लागला. त्यात 2012च्या भाडेकायद्याने जुनी गोठवलेली भाडी सुटली, आणि पर्यटन वाढल्यावर बाइशातल्या जागांना हॉटेलवाल्यांची मागणी आली. कित्येक जुनी दुकाने काही वर्षांत बंद झाली.

त्यावर लिस्बन नगरपालिकेने 'इतिहास असलेली दुकाने' या नावाची योजना 2015मध्ये हाती घेतली, आणि 2017मध्ये अशा दुकानांच्या संरक्षणासाठी देशपातळीवर कायदाही झाला. मान्यता मिळालेल्या दुकानाला भाडेकराराच्या बाबतीत काही काळ संरक्षण मिळते आणि दुरुस्तीसाठी मदत मागता येते. दुकान योजनेत घ्यायचे की नाही हे ठरवताना फरशा, छत, काउंटर आणि दर्शनी चौकट यांबरोबरच तिथला मूळ धंदा किती वर्षे अखंड चालला आहे आणि मालकाने त्याची पद्धत टिकवली आहे का, हेही तपासले जाते.